रंग मूर्तीला द्या, चेहऱ्याला नको

लग्नसराई आली की पेण-रोह्यातली पोरं मेडिकलमध्ये 'गोरं व्हायची ट्यूब' मागतात. अशा कित्येक ट्यूबांत बेटामेथासोन, क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाली येते, पुरळ उठतं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी हवीच. मी दोन दुकानांत मागून पाहिलं, चिठ्ठी कुणीच विचारली नाही!

रंग चढवायचा तर तो पेणच्या गणपतीला शोभतो. पोरांनो, पुरती झोप, स्वच्छ ब्लेड, उन्हात टोपी, गुटखा बंद आणि कुंडलिकेकाठी रोज चालणं, एवढं करा.

आणि मोठ्यांनो, 'मुलगा जरा सावळाच आहे' म्हणणं थांबवा. ट्यूब त्याच वाक्यावर खपते.