बकरीद, एकादशी आणि तिकिटाची तारीख

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. घरात दखनी बोलतो, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. एवढ्या तीन भाषा येत असूनही विमान कंपनीशी भांडायला एकही कामाला येत नाही, हे आम्हाला 2023 च्या जून महिन्यात कळलं.

आमचं गाव कराडजवळ आणि नोकरी कामठीला. नागपूरच्या शेजारचं कामठी. राज्याच्या एका टोकाला अम्मी-अब्बा आणि दुसऱ्या टोकाला हजेरीपट. मधे आहे महाराष्ट्र एक्सप्रेस. ही गाडी बिचारी कोल्हापूरहून निघते, कराडला थांबते, पुण्याला थांबते, आणि आमच्या अंदाजाने प्रत्येक झाडाखालीही थांबते. चोवीस तासांहून जास्त वेळ घेऊन नागपूरला पोचवते. मे महिन्यात जाताना आम्ही तिनेच जातो. सुट्टी लांब असते, पिशव्या भरलेल्या असतात, चिरंजीव खिडकीशी भांडत असतात. येताना मात्र शाळा उघडण्याची घाई असते.

त्या वर्षी आम्ही मोठेपणा केला. येतानाचं तिकीट विमानाचं काढलं. पुण्याहून नागपूर, 29 जून, सकाळचं विमान. तीन माणसं, प्रत्येकी 3,200 रुपये. कामठीत तिकिटांचं छोटंसं दुकान चालवणारा आमचाच जुना विद्यार्थी आहे. मार्चमध्ये पेपर तपासून येता येता त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, आत्ता घ्या. रेल्वेच्या एसीपेक्षा थोडेच जास्त पडतात." चिरंजीव सात वर्षांचे. रेल्वेत त्यांना अर्ध्या दरात बसवायची सवय. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की पोरगं पूर्ण माणूस होतं, हे तेव्हाच कळलं. पण 9,600 रुपयांत तिघांना दीड तासात नागपूर, म्हणून आम्ही खूश होतो.

29 तारीख का घेतली, तर सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत बकरीद 28 जूनला होती आणि आमची शाळा 30 जूनला उघडणार होती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. म्हणजे 28 ला ईद, 29 ला प्रवास, 30 ला शाळा. पाठ टाचणातसुद्धा आम्ही इतकी नेटकी आखणी कधी केली नव्हती. बेगमने एवढंच विचारलं होतं, "और चांद का क्या?" आम्ही म्हटलं, यादी सरकारने छापली आहे.

चांद सरकारी यादी वाचत नाही. 19 जूनला मगरिबनंतर मशिदीच्या भोंग्यावरून जाहीर झालं, बकरीद 29 ला. सौदीत 28, आपल्याकडे 29. पुढे सरकारनेही सुट्टी 28 वरून 29 वर नेली. सरकारला तारीख बदलायला एक परिपत्रक पुरलं. आम्हाला काय काय लागलं, तेच सांगतो.

एरवी आम्ही म्हटलं असतं, असू दे, नमाज नागपुरात पढू. पण त्या वर्षी अब्बांचं निराळं होतं. जानेवारीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. खुर्चीत बसून नमाज पढायचे, शब्द अडखळायचे. मे महिन्यात आम्ही पोचलो त्या दिवसापासून त्यांचं एकच चाललं होतं, बकरीदीला ईदगाहला जायचं, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला नातू. नवे कपडेही त्यांनी मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे टाकून ठेवले होते. तिघांचं कापड एकच. असं कापड शिवून आल्यावर माणसाने सकाळच्या विमानाने निघून जायचं म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात घेतला. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला. (कंपनीचं नाव सांगत नाही. आमचे साडू तिच्यानेच नेहमी ये-जा करतात आणि ते तिच्या विरोधात एक शब्द ऐकून घेत नाहीत.) हिंदीसाठी अमुक दाबा, इंग्रजीसाठी तमुक दाबा. मराठीसाठी दाबायला आकडा नव्हता. मग गाणं. मग एक यंत्राचा गोड आवाज. मग पुन्हा गाणं. बावीस मिनिटांनी एक ताई आल्या. त्यांनी नाव विचारलं. आमच्या नावाआधी मोहम्मद आहे. आधार कार्डावर ते पूर्ण आहे, बँकेत एमडी आहे, शाळेच्या सेवापुस्तकात एमओएचडी आहे. तिकिटावर विद्यार्थ्याने काय घातलं होतं ते आठवेना. तीन प्रकारे सांगून झालं तेव्हा ताई म्हणाल्या, "सर, नेम मॅच नहीं हो रहा." एवढ्यात फोन कटला. आपल्या वाचकांतल्या किती मोहम्मद आणि शेख मंडळींनी या नावाच्या चौकटीपुढे घाम गाळला असेल, ते त्यांनाच ठाऊक. पहिलं नाव कुठलं आणि आडनाव कुठलं, हे आम्हाला तीन पिढ्यांत ठरवता आलेलं नाही आणि त्या चौकटीला तर तीस सेकंदांत हवं असतं. सरकारच्या 2019 च्या प्रवासी सनदेत एक सोय आहे म्हणे. तिकीट काढल्यापासून 24 तासांत त्याच माणसाच्या नावातली चूक दाखवली तर दुरुस्तीचे पैसे घेता येत नाहीत. पण 24 तासांत तिकीट उघडून नाव वाचणारा मुसलमान आम्ही अजून पाहिलेला नाही. आपण तिकिटावर वेळ बघतो आणि खाण्याचं काही आहे का ते बघतो.

शेवटी विद्यार्थ्यालाच फोन लावला. त्याने दहा मिनिटांत आकडे पाठवले. ते आम्ही अम्मीच्या किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर मांडले. 29 च्या रात्रीच्या विमानावर तारीख बदलायची, तर बदलाचं शुल्क माणशी 3,000. त्यात त्या रात्रीचं तिकीट आता 5,900 ला गेलेलं. म्हणजे भाड्यातला फरक माणशी 2,700. तिघांचे मिळून 17,100 रुपये. मूळ तिकिटं 9,600 ची, आणि त्यांच्यावरची फक्त तारीख बदलायला 17,100!

अम्मी शेजारी लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "इत्ते में तो बकरा आता."

खरंच येत होता. आठवडा बाजारात त्याच सुमारास तेवढ्यालाच एक बरा बोकड आमच्या चुलत्यांनी पाहून ठेवला होता.

आम्ही विद्यार्थ्याला म्हटलं, "बेटा, सीट तीच, विमान तेच, माणसं तीच. तारीख बदलायला एवढे पैसे कसले?" तो आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि गणितात पस्तीसला टेकायचा. आता त्याने आम्हाला शिकवलं. "सर, विमानात एकशे ऐंशी खुर्च्या असतात, पण सगळ्यांचा भाव एक नसतो. थोड्या थोड्या खुर्च्यांचे गठ्ठे असतात. पहिला गठ्ठा स्वस्त, तो संपला की दुसरा, मग तिसरा. तुम्ही मार्चमध्ये पहिल्या गठ्ठ्यातलं घेतलंत. आता त्या दिवसाचा वरचा गठ्ठा चालू आहे. तुम्ही बदल मागितला की कंपनी तुम्हाला आजच्या गठ्ठ्यात बसवते, वर शुल्क घेते. स्वस्त तिकीट म्हणजे तारीख न बदलण्याची बोलीच समजा." त्यातून मे महिन्याच्या 3 तारखेपासून गो फर्स्टची विमानं थांबलेली. बाजारात खुर्च्याच कमी झालेल्या.

मग तो म्हणाला, "सर, बदलू नका. रद्द करा आणि नवीन घ्या. स्वस्त पडेल." आम्हाला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. पण हिशेब बरोबर होता. नवीन तिकिटं 5,900 प्रमाणे तिघांची 17,700. जुनी रद्द केली तर माणशी 540 परत, म्हणजे 1,620. वजा जाता 16,080. बदलण्यापेक्षा 1,020 रुपयांनी कमी! हे 540 तरी का परत येतात, तर नियम असा आहे की रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेच्या वर जाऊ शकत नाही. कर आणि विमानतळाचे आकार प्रवाशाला परत द्यावेच लागतात. माणूस विमानाला गेलाच नाही, तरीसुद्धा. आमच्या ओळखीतल्या कितीतरी लोकांचं विमान चुकलं, पण हे पैसे कुणी मागितल्याचं ऐकलं नाही. मागितल्याशिवाय ते आपल्या पायांनी चालत येत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

रागाच्या भरात आम्हाला जुने दिवस आठवले. 2003 साली कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन सुरू केली, तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजात होतो. एक रुपयात विमानाचं तिकीट, अशा जाहिराती यायच्या. आर. के. लक्ष्मण यांचा चौकडीच्या कोटातला कॉमन मॅन त्या कंपनीचं चिन्ह होता. तो आमच्या अब्बांचा आवडता. अब्बा एसटीत वाहक होते. पेपरातली ती जाहिरात बघून म्हणाले होते, "देख, अब ये बुढ्ढा भी उडेगा." ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये गेली आणि किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली. कॉमन मॅन उडाला खरा. पण त्याला बकरीद नव्हती, चांद नव्हता, आणि त्याच्या घरी कुणाला वारं गेलं नव्हतं. मोठ्या साहेबांचं महागडं तिकीट सहज बदलतं. ज्याची सुट्टी मुख्याध्यापकाच्या हातात आणि सण चांदाच्या हातात, त्याच्याच वाट्याला न बदलणारं तिकीट येतं.

मुख्याध्यापकांनाही फोन करून पाहिला. 30 ला एक दिवस किरकोळ रजा मिळेल का? ते म्हणाले, "जनाब, पहला दिन है. किताबें बांटनी हैं, फूल देने हैं, केंद्रप्रमुख आनेवाले हैं." पहिल्या दिवशी मुलांना फूल द्यायला आम्ही हवेच होतो.

इकडे गावात निराळीच गोष्ट चालू होती. 29 जूनला आषाढी एकादशी. त्या वर्षी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजाने ठरवलं, एकादशीला नमाज पढायची, पण कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायची. कुर्बानीला तीन दिवस असतात, तेव्हा शरीयतची काही अडचण नव्हती. आमच्या गावच्या जमातीतही तेच ठरलं. बैठकीत पहिला हात अब्बांनी वर केला, डावा. हयातभर त्यांनी आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्यांवर ड्यूटी केली होती. गाडीत वारकऱ्यांनी दिलेला चिवडा आणि खारका ते आमच्यासाठी घरी आणायचे. ते घरी येऊन म्हणाले, "विठोबा के दिन मैं छुरी नहीं चलाऊंगा." उच्चार अडखळला, पण सगळ्यांना कळलं.

जमातीचा निर्णय आम्हाला मनापासून आवडला. आणि आमचा हिशेब पुन्हा बिघडला. 29 च्या रात्रीचं विमान 16,080 रुपयांना घेतलं तरी कुर्बानी हुकणारच होती.

रात्री बेगमने वही ओढून घेतली. म्हणाली, "तिघांनी जायचंच कशाला? फुलं तुम्हाला वाटायची आहेत. आम्ही दोघं थांबतो, कुर्बानी करतो, चार दिवसांनी रेल्वेने येतो. तुम्ही नमाज पढून रात्रीच्या बसने जा." लग्नाला दहा वर्षं झाली, पण एवढी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. आम्ही तारीख बदलण्यातच अडकून पडलो होतो.

तिकिटं रद्द केली. नमाज झाली. अब्बांना चाकाच्या खुर्चीत नेलं. पाऊस थांबला होता. ईदगाहच्या चिखलात खुर्ची रुतायला लागली तेव्हा समोरच्या वस्तीतली दोन पोरं धावली. कपाळाला बुक्का लावलेली होती. चौघांनी खुर्ची उचलली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला चिरंजीव, तिघांचं कापड एकच. गळाभेट घेताना अब्बांनी डाव्या हाताने आमची कॉलर घट्ट धरून ठेवली आणि बराच वेळ सोडली नाही.

साडेदहाच्या एसटीने पुणे. तिथून संध्याकाळची खाजगी शयनयान बस, 1,800 रुपये. रात्रभर झोप लागली नाही. वरच्या बाकावर पाय आखडून पडलो होतो, आणि समृद्धी महामार्गाचे दिवे खिडकीतून मागे जात होते. सकाळी नागपूर, मग कामठी, तोंड धुऊन शाळा. फुलं वाटली. केंद्रप्रमुख आले नाहीत.

1 जुलैला सकाळी सहा वाजता अम्मींचा फोन. "पोचलास ना?" आम्ही म्हटलं, "अम्मी, कालच तर बोललो आपण." त्या नुसत्या रडत होत्या. नागपूरहून पुण्याला निघालेली बस रात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटून पेटली होती. 25 माणसं गेली. आमची बस आदल्या रात्री त्याच रस्त्याने उलट दिशेला गेली होती. आम्ही बराच वेळ फोन कानाला लावून नुसते बसून राहिलो. त्या बसमध्येही कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडूनच बसला असेल.

रिफंडचे 1,620 रुपये सातव्या आठवड्यात आले. ते एजंटच्या खात्यात जातात. विद्यार्थ्याने रोख आणून दिले आणि चहा पिऊन गेला. 2025 च्या नोव्हेंबरात सरकारने मसुदा काढला, त्यात तिकीट काढल्यापासून 48 तासांत फुकट रद्द करायची किंवा बदलायची सोय सुचवली होती. आधी 24 तास होते. पेपरातलं ते कात्रण विद्यार्थ्याने मोबाइलवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, "सर, चांद दहा दिवस आधी दिसतो, 48 तासांनी काय होणार?"

2024 ची बकरीद 17 जूनला आली, भर सुट्टीत. सगळे गावातच होतो, कुठल्याही तिकिटाची तारीख बदलायची नव्हती. शिंप्याकडे दोघांचंच कापड टाकलं. अब्बा फेब्रुवारीत गेले. भाऊजींचा फोन पहाटे चार वाजता आला होता. आम्ही विद्यार्थ्याला उठवून म्हटलं, पहिल्या विमानाचं दे. भाव किती ते विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. असरच्या आधी कराडला पोचलो.