टीका सुपात घेऊन पाखडावी

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी संसार सांभाळून काही ना काही करत असतात. कुणी भजनी मंडळात पेटी वाजवते, कुणी वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहिते. चार जणींनी ते ऐकावं, ‘पुन्हा म्हण गं’ म्हणावं, असं वाटतंच. त्यात लाजायचं काय? पण ऐकायला माणसं आली की नावं ठेवायलाही येतात. कौतुक आणि टीका एकाच दारातून आत शिरतात.

मी लोहाऱ्यात राहते, कथा लिहिते आणि हळदीकुंकवाला, महिला मंडळात वाचून दाखवते. गाव लहान, श्रोता आणि शेजारीण इथे वेगळ्या नसतात. सुनेच्या घुसमटीवरची कथा वाचली, तर पहिला प्रश्न आला, ‘ही सासू कोण गं? तुझीच ना?’ दुसऱ्या दिवशी ते सासूबाईंच्या कानावर! दोन दिवस घरात भांडी जरा जोरातच वाजली. त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. घर शांत राहावं म्हणून यापुढे मी गोडगोडच लिहायला लागले तर?

अशा वेळी मला विभावरी शिरूरकर आठवतात. त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली निघाला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघडपणे आलं होतं. केवढी खळबळ उडाली! पुस्तकात काय आहे यापेक्षा हे लिहिणारी बाई कोण, याचाच शोध जास्त. त्या नावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. लोक नाव शोधत राहिले आणि १९३४ मध्ये त्यांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आलीसुद्धा. पुढे त्यांनी आमच्या शेजारच्या सोलापुरात, इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली. त्या अनुभवातून १९५० मध्ये ‘बळी’ ही कादंबरी झाली. बोलणी बसली म्हणून त्यांनी सोपे विषय धरले नाहीत.

तुम्ही म्हणाल, त्यांना टोपणनावाचा आडोसा होता. खरंय. लोहाऱ्यात तो कुठला मिळायला? इथे आवाजावरून नव्हे, खोकल्यावरूनही माणूस ओळखतात! म्हणून मी दुसरा उपाय धरला. आलेली टीका सुपात घ्यायची आणि पाखडायची. ‘बाईमाणसाला कशाला हे उद्योग?’ हे फोलपट. फुंकर मारली की उडतं. ‘ही सासू कोण?’ हा खडा. वेचून बाजूला टाकावा, त्यावर वाद घालत बसू नये. पण ‘शेवट घाईत उरकलास बाई’ असं कुणी म्हणालं, तर तो दाणा. तो कितीही टोचला तरी ठेवावा. आणि पाखडायला लगेच बसू नये. एक रात्र जाऊ द्यावी, मग हात थरथरत नाही.

घरातल्या रुसव्यावर मात्र सूप चालत नाही. तिथे समोरच बसावं लागतं. मी सासूबाईंना ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. त्या वाती वळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘सुनेचं समदं बरोबर हाय. पर सासूबी कधीतरी सून व्हती की. तिचं कोन लिहिणार?’

इतकं मोलाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. सुनेची कथा मी आहे तशीच ठेवली, एक ओळ बदलली नाही. सासूची वेगळी लिहायला घेतली आणि तिचे पहिले श्रोते आमच्या घरातच मिळाले.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची वही ट्रंकेच्या तळाशी असेल तर वर काढा. दहा जणी नावं ठेवतील, ठेवू देत. त्यांतली एखादी मन लावून ऐकणारी निघते. तिला ओळखा, चहाला बोलवा आणि पुढचं पान आधी तिलाच वाचून दाखवा.