विचारण्यांतील चूक

एकाच पंक्तीला बसलेले चार जण जेवून उठतात आणि चौघांचीं मतें चार दिशांना जातात, हा अनुभव आपणां सर्वांस घरींदारीं येतो. परंतु त्या मतभेदाचें मूळ पुष्कळदां पदार्थांत नसून जेवणाराच्या मनांत असतें, ही गोष्ट मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, आणि तीही परदेशांत, कळली.

गेल्या वर्षीं चिरंजीवांकडे अमेरिकेंत, कॅलिफोर्निया प्रांतांतील सॅन होझे शहरीं, सहा महिने राहण्याचा योग आला. या शहरांत व्हिएतनामी लोकांची वस्ती लाखाहून अधिक आहे. व्हिएतनामबाहेर दुसऱ्या कोणत्याही एका शहरांत ती इतकी नाहीं. ३० एप्रिल १९७५ रोजीं सायगॉन पडलें आणि पुढील वर्षांत लाखों माणसें, कित्येक तर साध्या होड्यांतून, देश सोडून निघालीं. त्यांपैकीं अनेकांनीं येथें बिऱ्हाड केलें, आणि जागोजागीं त्यांचीं साधीं भोजनगृहें उभीं राहिलीं.

असेंच एक भोजनगृह चिरंजीवांच्या घराजवळ आहे. थाटमाट कांहीं नाहीं. टेबलावरच डब्यांत चमचे व काड्या ठेविलेल्या, चटण्यांच्या बाटल्या मांडलेल्या. सांगितल्यापासून पांच मिनिटांत वाफाळलेला वाडगा पुढें. माफक दरांत पोटभर मिळतें म्हणून चिरंजीव या दुकानावर खूष. तांदळाच्या लांबलचक शेवया ओढून खाण्यांत नातवाला परमानंद. सूनबाईंचें मात्र म्हणणें असें कीं, वाढणाऱ्याच्या तोंडावर हसूं नाहीं, आणि घांस संपतो न संपतो तोंच बिल आणून ठेवितात. शेजारच्या एका मराठी गृहस्थांनीं तर तेथें पुन्हां पाऊल न टाकण्याची शपथ घेतली होती. एका रविवारीं आम्ही सारे तेथें गेलों.

तेथील मुख्य पदार्थ 'फो'. कागदावर एके ठिकाणीं 'भाज्यांचा फो' असें छापलेलें होतें. "बाबा, तुमच्यासाठीं मी नीट विचारून घेतों," असें चिरंजीव म्हणत होते, परंतु इंग्रजी मलाही येतें या अभिमानानें मीं त्यांना थांबविलें, त्या ओळीवर बोट ठेविलें आणि वाढणाऱ्या मुलास विचारिलें, "यांत भाज्या आहेत ना?" त्यानें मान डोलाविली. वाडगे आले. दालचिनी, लवंग आणि बाद्यान यांचा वास येतांच मला आईच्या हातचा गोडा मसाला आठवला. मीं समाधानानें दोन चमचे घेतले.

तोंच आंतून एक वृद्ध बाई लगबगीनें आल्या. आमच्या सौभाग्यवतींच्या कपाळावरील कुंकू त्यांनीं दुरून पाहिलें असावें. सौभाग्यवतींच्या वाडग्यावर आपला हात आडवा धरून त्या मोडक्या इंग्रजींत म्हणाल्या, "भाजी, भाजी. पण पाणी हाडांचें."

फोचा रस्सा गाईचीं हाडें तासन्‌तास उकळून करितात, हें तेव्हां मला कळलें. बाहेर जाऊन चुळा भरल्या. पण चुळेनें जिभेवरची चव जाते, मनांतली जात नाहीं. जन्मांत जें केलें नाहीं तें दोन चमच्यांत घडलें होतें. त्या मुलाचा असा संताप आला कीं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाहीं. पहांटे सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, अजाणतां घडलें त्याचा इतका जाच करून घेऊं नका. पण मुलगा विचारीत होता, त्याला तुम्हीं कां थांबविलें, याचा मात्र विचार करा."

मीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. प्रश्न न वाचतां उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे गुण निष्ठुरपणें कापले. येथें तर प्रश्नच माझा चुकला होता. भाज्या आहेत का, असें मीं विचारिलें, त्या होत्या. दुसरें कांहीं नाहीं ना, हें विचारिलेंच नव्हतें. 'शाकाहार' या शब्दांतील नकार आपल्याला उपजत ऐकूं येतो. त्या मुलास तो कोठून ऐकूं यावा? मध्य व्हिएतनामांतील 'मी-सोन' येथें चंपाच्या राजांनीं भद्रेश्वराचीं मंदिरें बांधिलीं, संस्कृत शिलालेख कोरविले, हें मी वर्गांत अभिमानानें सांगत असें. परंतु त्या देशाच्या माणसांकडे जेवावयास बसतांना लागणारा एक शब्द मला ठाऊक नव्हता.

दुकानाचा दोष मुळींच नाहीं असें नव्हे. रस्सा कशाचा, ही एक ओळ त्या कागदावर हवीच होती. सूनबाईंची तक्रारही खोटी नाहीं. परंतु झटपट व स्वस्त अन्न देणें हाच ज्या दुकानाचा धर्म, त्याच्याकडे यजमानाचें अगत्य मागणें म्हणजे भूगोलाच्या तासाला व्याकरण विचारण्यासारखें आहे.

तो शब्द त्या बाईंनींच आम्ही निघतांना मला सांगितला होता: 'चाय'. चहाशीं त्याचा संबंध नाहीं. त्यांच्या भाषेंत निरामिष अन्नास असें म्हणतात. तेथील पुष्कळ बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं असेंच अन्न घेतात, आणि कडक नेम पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करितात. जणूं आपला चातुर्मासच. एरवीं त्यांच्या कितीतरी पदार्थांत मासे मिठांत महिनोन्महिने मुरवून काढलेला 'नुओक माम' नांवाचा रस पडतो; म्हणून नुसतें 'मांस नको' म्हणून भागत नाहीं.

पुढें एका पौर्णिमेस आम्ही पुन्हां गेलों. त्या मुलास मीं म्हटलें, "चाय. मांस नको, मासा नको, हाडांचें पाणी नको." तो आंत गेला आणि त्या बाईंनाच घेऊन आला. त्यांनीं तिन्ही नकार बोटांवर मोजून दाखविले आणि मान हलविली. मुळा, गाजर व अळंबी उकळून केलेला रस्सा आला. त्यांत सोयाबीनच्या दुधाच्या पनीराचे तुकडे. वास मात्र तोच, गोड्या मसाल्याचा. सौभाग्यवतींनीं पहिला चमचा घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घ्या आतां."

वाढणारा मुलगा त्या दिवशींही हसला नाहीं. बिलही वाडगा रिकामा होण्यापूर्वींच आलें.