नील काका आणि मी

आज शनिवार. डिप्लॉयमेंट नाही, कपडे मशीनला लावलेत, रूममेट गावी गेलीये आणि कानात 'वाय वाय झेड' चालू आहे. म्हणजे आज नील काकांबद्दल लिहिणं आलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नील पीअर्ट, रश या कॅनडाच्या तिघांच्या बँडचा ड्रमर. जन्म १९५२. वडिलांच्या शेतीअवजारांच्या धंद्यात सुटे भाग विकता विकता जुलै १९७४ मध्ये बँडमध्ये आला, तो १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजलिसला शेवटचा कार्यक्रम करेपर्यंत तिथेच. ड्रम्स वाजवायचे ते वाजवायचेच, वर बँडची बहुतेक सगळी गाणीही यानेच लिहायची. म्हणजे ताशा वाजवणाऱ्यानेच आरत्या रचल्यासारखं. लोक त्याला 'प्रोफेसर' म्हणायचे. मी काका म्हणते. त्याला विचारलेलं नाही.

मला तो सापडला २०१६ मध्ये, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, एका सीनियरच्या हार्डडिस्कमध्ये. तोवर साहेब निवृत्त झालेले! त्या हार्डडिस्कमधलं पहिलं गाणं हेच, 'वाय वाय झेड', १९८१ चं. टोरांटो विमानतळाचा कोड म्हणजे वाय वाय झेड (कॅनडावाले आपल्यासारखंच झेड म्हणतात, झी नाही, इथेच जवळीक सुरू होते). तो कोड मोर्समध्ये जसा वाजतो, तीच गाण्याच्या सुरुवातीची लय. डॅशला दोन आणि डॉटला एक असं मोजा. वायचे सात, परत वायचे सात, झेडचे सहा. एकूण वीस. अर्ध्या मात्रेचा एक असे वीस, म्हणजे बरोब्बर दहा मात्रा. आता दहा मात्रा आपल्या झपतालालाही असतात, पण तो दोन-तीन-दोन-तीन असा शहाण्या मुलासारखा चालतो. हा सात-सात-सहा करत ठेचकाळत येतो आणि तरी समेवर वेळेत हजर. हे वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर एकटीच हसत होते. सिग्नल्स अँड सिस्टिम्सने जे चार महिन्यांत दिलं नाही ते या माणसाने चार मिनिटांत दिलं.

तेव्हापासून स्वप्नं सुरू झाली. झोपेतली नव्हे, जागेपणीची. स्टँडअप मीटिंगमध्ये "ब्लॉकर आहे का?" असं विचारतात तेव्हा पडतात ती.

उदाहरणार्थ, काका आमच्या ढोल-ताशा पथकात येतात. (कॉलेजात दोन वर्षं मी ढोल वाजवलाय, कमरेला दोर बांधल्याचे वळ अजून आठवतात.) नदीपात्रात सराव चालू आहे. कोपऱ्यात उंचापुरा परदेशी माणूस, डोक्यावर ती त्याची नक्षीची टोपी, नुसता उभा राहून ताशावाल्यांची मनगटं बघतोय. पथकातला दादा म्हणतो, "काका, या, ट्राय करा." आणि काका खरंच मांडी घालून बसतात. दादा सांगतो, "असं नाही हो, मनगट सैल सोडा." जगातल्या नामांकित ड्रमरला आमचा दादा मनगट शिकवतोय आणि मी मागे ढोल घेऊन अर्धमेली!

यातली गंमत म्हणजे हे अगदीच अशक्य नव्हतं. १९९४ च्या सुमारास, चाळिशी उलटलेली, वीस वर्षं स्टेडियमं भरवून झालेली, तेव्हा हा माणूस फ्रेडी ग्रुबर नावाच्या गुरूकडे गेला आणि काठी धरण्यापासून पुन्हा शिकला. आमच्याकडे सहा वर्षांच्या अनुभवावर लोक नवा एडिटर वापरायला नकार देतात.

पण या सगळ्या स्वप्नांना एक अडचण आहे. काकांना फॅन लोक आवडायचे नाहीत. म्हणजे उर्मटपणा नव्हे, संकोच. अनोळखी माणूस डोळ्यांत पाणी आणून समोर उभा राहिला की त्याला पळून जावंसं वाटायचं. 'लाइमलाइट' हे गाणंच त्यावर आहे. भेटीगाठी उरलेले दोघं, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन, सांभाळायचे, आणि हा कार्यक्रम संपला की मोटरसायकलवरून पुढच्या गावाला. १९९७ मध्ये त्याची मुलगी अपघातात गेली, वर्षाच्या आत सहचरी कॅन्सरने. त्यानंतर तो गाडीला किक मारून निघाला तो ८८,००० किलोमीटर फिरला. त्याचं पुस्तक 'घोस्ट रायडर' २००२ चं. मी ते एका रात्रीत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बग फिक्स करता करता रडले. टीम लीडला वाटलं, बगमुळे.

तर अशा माणसाला भेटायचं कसं? सेल्फी बाद. सही बाद. "सर, यू चेंज्ड माय लाइफ" तर सगळ्यात आधी बाद.

७ जानेवारी २०२० ला तो मेंदूच्या कॅन्सरने गेला. तीन दिवसांनी जगाला कळलं. साडेतीन वर्षं आजारी होता आणि जवळच्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. हिशेब केला तर २०१६ च निघतं. मी गच्चीवर बोटं मोजत हसत होते ते वर्ष.

पोस्टर अजून भिंतीवर आहे. आई साताऱ्याहून आली तेव्हा विचारलं, "कोण गं हे टोपीवाले?"

"ड्रमर आहेत."

"फोटो लावलायस म्हणजे गेलेत का?"

"हो. २०२० ला."

"मग नुसतेच काय ठेवलेत? हार तरी घाल."

संध्याकाळी बघते तर पोस्टरला झेंडूची माळ! मी काढली नाही. सुकल्यावर आईनेच फोनवर आठवण केली की बदल म्हणून.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेडी आणि अ‍ॅलेक्सने २०२६ च्या दौऱ्याची घोषणा केली, ड्रम्सवर जर्मनीची अनिका निलेस. नव्या सुनेकडे बघावं तसे मी तिचे व्हिडिओ बघितले. चांगली वाजवते. फारच चांगली वाजवते. त्याचाच राग आला :-)

स्वप्नं मात्र काकांचीच पडतात, आणि हल्ली एकच पडतं. मी साताऱ्याला निघालेय, खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबलेय. बीएमडब्ल्यूची धुळीने माखलेली जीएस येऊन उभी राहते. हेल्मेट निघतं. मी ओळखते आणि चहात बघते.

"इकडून घाट कसा आहे?" काका इंग्रजीत विचारतात.

"चांगला आहे. ट्रकवाल्यांना जपा."

"चहा गोड असतो का फार?"

"कमी साखरेचा सांगू का?"

सांगते. ते बसतात. टेबलावर त्यांची बोटं वाजायला लागतात, सात, सात, सहा. बाकाखाली माझा पाय मी दुसऱ्या पायाने दाबून धरलाय. ते चहा संपवतात, मान हलवतात आणि घाटाकडे निघून जातात.

चहावाला विचारतो, "ओळखीचे होते का ताई?"

"नाही हो. रस्ता विचारत होते."