लहानमोठे आवाज

मराठी घरात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे मला कुणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, ‘जरा आवाज कमी करा!’ त्याच्या खालोखाल क्रमांक लागेल तो ‘जरा मोठा करा, काही ऐकू येत नाही’ या वाक्याचा. गंमत अशी की, ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच गाण्याला उद्देशून आणि पुष्कळदा एकाच वेळी उच्चारली जातात. सुखी संसाराच्या व्याख्या अनेकांनी केल्या आहेत. त्यांत ‘ज्या घरात आवाजाच्या बटणाविषयी एकमत आहे ते घर सुखी’ अशी आणखी एक घालायला माझी हरकत नाही.

माझ्यापुरते बोलायचे तर या प्रश्नाने गेल्या वर्षभरात फारच उग्र रूप धारण केले. जवळच्या चारशेएक सीडी मी रोज थोड्या थोड्या करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. नाट्यपदे, ख्याल, अभंग, भावगीते, चित्रपटगीते असा सगळा गोतावळा तळहातावर मावेल एवढ्या डबीत जाऊन बसला. कपाटाच्या दोन फळ्या मोकळ्या झाल्या म्हणून सौभाग्यवतीही खूश झाल्या. पण पूर्वी एक सीडी संपली की उठून दुसरी लावावी लागे, आणि तेवढ्यात हात सहज बटणाकडे जाई. आता गाणी न थांबता एकामागून एक येतात. बालगंधर्वांचे पद संपून त्याच्या पाठीवर परवाच्या चित्रपटातले गाणे सुरू झाले की देवळाच्या गाभाऱ्यात डोळे मिटून उभे असताना मागे कुणी फटाक्यांची माळ लावावी तसे होते. मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अहो, बारीक करा ते!”

असे का व्हावे? मुळात सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा का नसावा? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा ध्वनिमुद्रणाचा सारा इतिहासच समोर उभा राहिला.

१९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. हलक्या स्वराला कर्ण्याजवळ सरकायचे, चढ्या स्वराला मागे व्हायचे. थोडक्यात, आवाज सारखा राखण्याचे काम त्या काळी मानेने आणि कमरेने होत असे. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले आणि ही कसरत संपली. मायक्रोफोनला कुजबुजही ऐकू येऊ लागली, आणि आपल्या भावगीताला जो हळुवार गळा सापडला तो या मायक्रोफोनमुळेच.

पुढे १९८२ साली सीडी आली. तिच्यात अगदी हळू आणि अगदी मोठा यांच्यात तात्त्विक हिशेबाने ९६ डेसिबलचे अंतर ठेवता येते. म्हणजे मैदान केवढे विस्तीर्ण! पण माणसाचा स्वभाव पाहा. या मैदानात मोकळेपणाने हिंडण्याऐवजी सगळ्यांनी एका टोकाच्या भिंतीपाशी गर्दी केली. दोन गाणी पाठोपाठ ऐकली तर किंचित मोठे असलेले गाणे कानाला अधिक चांगले वाटते, हे विकणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून १९९०नंतर जो तो आपली गाणी शेजाऱ्याहून मोठी करू लागला. पण सीडीला वरची मर्यादा आहे. तिच्यापलीकडे जाता येत नाही. मग युक्ती एकच उरली : गाण्यातल्या उंच जागा दाबायच्या आणि सखल जागा वर उचलायच्या. अशा गाण्यात हळू असे काही उरतच नाही. आणि हळू उरले नाही की मोठे तरी कशाच्या मानाने म्हणायचे? २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन रॉक मंडळींची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही सीडी निघाली, तेव्हा त्यांच्याच हजारो चाहत्यांनी ‘हे पुन्हा नीट मिश्रण करून द्या’ असा अर्ज केला होता. आपल्या दैवतालाच आवाज कमी करायला सांगणारे हे भक्त मला तरी आपल्या घरातलेच वाटतात.

या दुखण्यावर २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी एक औषध सुचवले. त्याचे नाव ‘रिप्लेगेन’. औषध साधे आहे. कॉम्प्युटर प्रत्येक गाणे अथपासून इतिपर्यंत तपासतो, माणसाच्या कानाला ते किती मोठे वाटेल याचा अंदाज बांधतो आणि गाण्याच्या फाईलवर एक आकडा टिपून ठेवतो. माझ्या संग्रहात एका नव्या चित्रपटगीतापुढे उणे नऊ डेसिबल असा शेरा पडला, आणि एका जुन्या नाट्यपदापुढे अधिक तीन. दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठे, यावरून दोघांतला दुरावा लक्षात यावा. गाणे वाजवताना यंत्र तो आकडा वाचते आणि आपल्याऐवजी स्वतःच बटण फिरवते. मूळ गाण्याला कुठे धक्का लागत नाही. गाण्यातला सर्वांत उंच क्षण कोणता याचीही नोंद असते, म्हणजे आवाज वाढवताना त्याचा माथा छाटला जाऊ नये.

इथवर सारे सुरळीत होते. पण या सोयीत एक प्रश्न विचारलेला असतो : प्रत्येक गाणे एकेकटे मोजायचे, की सबंध सीडी एकत्र मोजायची? पहिल्या प्रकारात सगळी गाणी एका उंचीची होतात. दुसऱ्या प्रकारात सबंध सीडीला एकच आकडा लागतो. सगळी गाणी मिळून वर किंवा खाली सरकतात, पण त्यांचे आपापसातले लहानमोठेपण जसेच्या तसे राहते.

माझा कौल अर्थातच दुसऱ्या प्रकाराला पडला. विलंबित ख्याल एका फाईलमध्ये आणि द्रुत बंदिश दुसऱ्या फाईलमध्ये असते. दोन्ही एकाच पातळीवर आणली तर गवयाने अर्धा तास खपून जो चढ रचला तोच नाहीसा होतो. १९५५च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्यातली ५६ गीते घ्या. लक्ष्मणाचा संताप आणि सीतेचा शोक सारख्याच आवाजात ऐकू येऊ लागले तर गदिमांच्या शब्दांना आणि बाबूजींच्या चालींना न्याय दिल्यासारखे होईल काय? शोकाने हळूच बोलावे. त्याचे हळू बोलणे हाच त्याचा अर्थ आहे.

हे सगळे मी घरात मोठ्या तावातावाने मांडले, आणि आईने ते एका वाक्यात निकालात काढले. ती म्हणाली, “अरे, पण मला त्या सीतेचं काहीच ऐकू येत नाही!”

आई आता पंचाहत्तरीची आहे. दुपारची जेवणे झाली की ती आपल्या खोलीत गाणी लावून बसते. एका गाण्याला “काही कळत नाही रे” म्हणते, आणि पुढच्याच गाण्याला “ओरडतोय किती हा!” म्हणून कानावर हात ठेवते. घरातल्यांना हा हट्ट वाटतो. पण तो हट्ट नव्हे. उतारवयात कानाचे असेच होते. हळू आवाज ऐकू येईनासा होतो, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. तळ वर येतो आणि छप्पर तिथल्या तिथे राहते. मधल्या अरुंद पट्टीत साऱ्या जगाने स्वतःला बसवून घ्यायचे असते. म्हणूनच म्हातारी माणसे आधी “मोठ्यानं बोल” म्हणतात आणि आपण मोठ्याने बोललो की “खेकसतोस कशाला?” म्हणतात. दोन्ही वेळा ती खरेच सांगत असतात.

तिला हल्लीच कानाचे मशीन घेतले. ते काय करते हे विचारले तेव्हा मी चकितच झालो. ते हळू आवाज पुष्कळ वाढवते आणि मोठा आवाज थोडाच वाढवते. म्हणजे ज्या दाबादाबीबद्दल मी सीडी विकणाऱ्यांना नावे ठेवत होतो, तीच दाबादाबी आईच्या कानामागे बसून तिला माणसांत आणत होती. क्रिया एकच; फरक एवढाच की, तिथे ती स्वतःचे ऐकवण्यासाठी होती आणि इथे दुसऱ्याला ऐकू यावे म्हणून.

आता आमच्या घरात दोन व्यवस्था आहेत. बाहेरच्या खोलीत सबंध सीडीचा हिशेब चालतो. आईच्या खोलीत प्रत्येक गाणे एकेकटे मोजले जाते. तिथे जुन्या पदाबरोबर त्या तबकडीची खरखरही थोडी वर येते. पण आई म्हणते, “येऊ दे. खरखर ऐकू आली म्हणजे गाणं सुरू झालेलं मला कळतं.” कधी दुपारी तिच्या दारावरून जाताना ‘गीतरामायण’ कानांवर पडते. आत लक्ष्मण आणि सीता एकाच आवाजात गात असतात, आणि आई सीतेबरोबर हळूच गुणगुणत असते. रसिक म्हणून मला तिथे थांबून पुष्कळ काही म्हणता येईल. मी दार हलकेच ओढून घेतो आणि पुढे जातो.