तिखटाच्या पाकिटावर कोणाचा फोटो?

तुमच्यापैकी बरेच जण आता घरचा माल घरच्याच नावाने विकू लागले आहेत. कोणाची हळद, कोणाचे घाण्याचे तेल, कोणाचा गूळ. आज ना उद्या तुम्हालाही फोन येईल, "तुमचा एक चांगला फोटो पाठवा, परवा छापायला द्यायचा आहे." त्या वेळी तुमची धांदल होऊ नये, म्हणून आमची कशी झाली ते सांगतो.

आमचे गाव भिवापूर तालुक्यात. भिवापुरी मिरचीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही काही मिरची बाजारात घालतो आणि काही घरी वाळवून, देठ खुडून, कांडून तिखट विकतो. यंदा माघात नागपूरच्या एका प्रदर्शनात गाळा मिळाला. मंगळवारी दुपारी तिथून निरोप आला की पाकिटासाठी, फलकासाठी आणि माहितीपुस्तिकेसाठी उत्पादकाचा फोटो गुरुवारी सकाळी दहापर्यंत पाठवा. माझ्याजवळ फोटो होता तो आधार कार्डावरचा. त्यातला माणूस तिखट विकणारा कमी आणि पळवून नेणारा जास्त वाटतो.

दिवस लग्नसराईचे. तीन स्टुडिओंनी हात जोडले. शेवटी लकडगंजला राहणाऱ्या माझ्या भाच्याने एक फोटोग्राफर गाठला. तो म्हणाला, "बुधवारी सकाळी साडेसात ते नऊ. त्यानंतर मला हळदीच्या कार्यक्रमाला जायचे आहे." म्हणजे दीड तासात सगळे उरकायचे. मंगळवारी संध्याकाळच्या एस. टी. ने मी आणि सौ. नागपूरला निघालो. सोबत मिरचीचे एक टोपले, सूप आणि तिखटाची दहा पाकिटे.

लकडगंज म्हणजे नावाप्रमाणे लाकडाची पेठ. लहानपणी आम्ही छोट्या रेल्वेने इतवारी स्टेशनवर उतरून ताईकडे चालत जायचो. ती छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली. आता सेंट्रल अव्हेन्यूवर डोक्यावरून मेट्रो धावते. पण आतल्या गल्लीत शिरलात की अजून तोच सागाचा वास आणि तीच आरामशीनची घरघर. माझे भाऊजी अशाच एका आरामशीनवर काम करतात. मालकाला विचारून त्यांनी शेडमध्ये फोटो काढायची सोय केली. शेडचे मोठे दार पूर्वेला. सकाळचे कोवळे ऊन तिरपे आत येते आणि मागे सागाच्या फळ्या उभ्या असतात. अट एकच. नऊला मशीन सुरू होणार, मग भुसा उडणार.

रात्री जेवणे झाल्यावर भाच्याने कागद-पेन घेतले. "मामा, वेळ कमी असला की आधी यादी करायची," तो म्हणाला. ती यादी तुमच्याही कामाची आहे, म्हणून देतो. फोटो कुठे कुठे छापायचा ते आधी ठरवावे. पाकिटावर उभा फोटो लागतो, फलकावर आडवा, आणि अक्षरांसाठी एका बाजूला मोकळी जागा सोडावी लागते. एक फोटो चेहऱ्याचा, एक हातांचा, एक काम करतानाचा, एक मालासह, एवढे चार नीट मिळाले तरी पुरे. कपडे साध्या रंगाचे, न चमकणारे, बारीक रेघा नसलेले. मिरची लाल असेल तर अंगावर लाल नको, नाहीतर माल आणि माणूस एकमेकांत हरवतात. दुपारच्या उन्हात फोटो काढू नये, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात.

"आणि मामा, याला पर्सनल ब्रँड म्हणतात. आता लोक मालाआधी माणूस बघतात," भाचा म्हणाला. दिल्लीच्या महाशय धर्मपाल गुलाटींचे उदाहरण त्याने दिले. १९२३ साली सियालकोटला जन्मलेला हा माणूस फाळणीनंतर दिल्लीत आला, काही दिवस टांगा हाकला, मग मसाल्याचे दुकान काढले. मसाल्याच्या खोक्यावर त्यांचा पगडीतला फोटो तुम्ही पाहिला असेल. २०२० साली ते गेले, पण तो चेहरा घराघरात ओळखीचा झालेला आहे.

भाऊजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "ब्रँड म्हणजे छापच ना? आमच्या लाकडाला पण असतो. जंगलात तोडलेल्या ओंडक्यावर वनखाते हातोडा मारते, त्याची खूण उमटते. ती खूण वाहतुकीच्या परवान्याशी जुळली पाहिजे. खूण खोटी निघाली, की माल कितीही चांगला असो, चोरीचाच."

मी हसून मान हलवली. सौ. बाजूला बसून टोपल्यातली फुटकी मिरची वेगळी काढत होती. यादी अख्खी माझ्या फोटोची होती, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

सकाळी मी भाऊजींचा कोट चढवला. तो खांद्यात आवळत होता. फोटोग्राफरने मला उभे केले, बसवले, हसवले, पंधरा-वीस फोटो काढले. कॅमेऱ्यात पाहिले तर नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार! आठ वाजून गेले होते. फोटोग्राफर म्हणाला, "काका, कोट काढा. घरी जे काम करता तेच इथे करा."

मी सूप घेऊन बसलो आणि मिरचीचे देठ खुडू लागलो. खुडू लागलो म्हणजे काय, ओढू लागलो. मिरची फाटली, बी सांडले, खाट नाकात गेला आणि एकामागून एक अशा सात-आठ शिंका आल्या. फोटोग्राफरही शिंकू लागला. तेव्हा दाराशी उभी असलेली सौ. पुढे आली.

"अजी, तसं नाही. देठ ओढू नका, मोडा. इकडे आणा."

तिने सूप मांडीवर घेतले. अंगावर ताईचे हिरवे सुती लुगडे होते, कारण स्वतःची साडी प्रवासात चुरगळली म्हणून तिने ते सकाळी नेसले होते. बोटे चालू लागली. कॅमेऱ्याकडे तिचे लक्ष नव्हते. देठ एका बाजूला, मिरची एका बाजूला, डागी मिरची तिसरीकडे. लग्नाआधी ती मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जायची. ती विद्या तिथली. फोटोग्राफरने मला एक शब्दही न विचारता कॅमेरा तिच्याकडे वळवला.

मी भुशाच्या ढिगाजवळ उभा राहून पाहत होतो, आणि भाऊजींचा हातोडा आठवला. मिरची कधी तोडायची, किती दिवस वाळवायची, कोणती बियाण्याला ठेवायची, कांडताना किती तेल लावायचे, हे सगळे ती ठरवते. मी पोती उचलतो आणि हिशेब लिहितो. तिच्या मालावर माझा चेहरा छापणे म्हणजे दुसऱ्याच्या ओंडक्यावर आपला हातोडा मारणेच नव्हे काय? नऊला पाच मिनिटे असताना मशीन सुरू झाली. तोवर चारही फोटो मिळाले होते. चारही तिचे.

दोन गोष्टी विसरू नका. छपाईला दर इंची तीनशे ठिपके लागतात. चार इंच रुंद फोटो हवा तर रुंदीत निदान बाराशे ठिपके पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो आकसतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. दुसरे असे की, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक आपणच असतो. तेव्हा मूळ फोटो सगळे मागून घ्यावेत. आमचे फोटो भाच्याने बुधवारी दुपारीच पाठवले.

परतताना उमरेड मागे पडल्यावर सौ. ने विचारले, "माहा फोटो छापला, तं पैसे कोणाच्या खात्यात जातीन?"

मी गप्प बसलो. खाते माझ्या नावाचे, खाद्यपदार्थाची नोंदणी माझ्या नावाची, सातबारा माझ्या नावाचा. फोटो तेवढा तिचा. मग ही खूण तरी खरी कुठली? पाकिटावर नाव, पत्ता, वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. तिथे फोटो एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हे मलाच बरे दिसेना. पुढच्याच आठवड्यात तिच्या नावाने खाते उघडले आणि नोंदणीचा नवा अर्ज केला. प्रदर्शनात पाकिटांवर वेगळी चिठ्ठी चिकटवावी लागली, पण पैसे तिच्या खात्यात गेले.

गाळ्यावर एक बाई बराच वेळ फोटोकडे आणि सौ. कडे आळीपाळीने पाहत होत्या. "या तुम्हीच ना?" त्यांनी विचारले. मग रंग कसा टिकवता, बियांसकट कांडता का, असे प्रश्न सुरू झाले. सौ. उत्तरे देत राहिली. मी मागे पाकिटे मोजत होतो. त्या बाई चार पाकिटे घेऊन गेल्या आणि फोन नंबर मागून गेल्या. तिचा.

सातबाऱ्याचे राहिले आहे. १९८६ साली चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, पुढे लक्ष्मीमुक्तीची चळवळ झाली आणि १९९२ साली शासनाने निर्णय काढला की नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावे. इतक्या वर्षांत मी तो अर्ज दिला नाही. आता लिहून ठेवला आहे, पेरणीआधी तहसीलला द्यायचा आहे.

तर वाचकहो, फोटोसाठी फोन आला की घाबरू नका. एका रात्रीत तयारी होते. फक्त कोट शोधण्याआधी घरात एकदा बघा, हे काम खरे कोणाच्या हातचे आहे.