पावत्यांची फाईल

मंडळी, मागच्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या जावयांनी चार हिवाळे गॅरेजात घालवून स्वतःच्या हातांनी एक गाडी जोडली आहे. लोटस सेव्हनच्या धाटणीची, दोन सीटांची. (मूळ सेव्हन १९५७ सालची. सुटे भाग आणून घरी जोडली तर तेव्हा तिथे खरेदीकर लागत नसे!)

एका चौकात मागून कुणीतरी धडकलं. जावई बचावले, देवाची कृपा. पण विमा कंपनी म्हणाली, गाडी 'टोटल लॉस'. का, तर त्यांच्या किमतींच्या यादीत असली गाडीच नाही! त्यांनी अंदाजाने लावलेल्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग. पॉलिसी घेतानाच किंमत ठरवून लिहून घेता येते, ते यांनी चार पैसे वाचवायला टाळलेलं.

दोन दिवस जावई धड जेवले नाहीत. शेवटी मी म्हटलं, "अहो, पावत्या आहेत ना?" होत्या, बिस्किटांच्या डब्यात कोंबलेल्या! जन्मभर वह्या तपासलेली बाई मी. तारखेवार लावल्या, शेजारी जोडणीचे फोटो चिकटवले. एका पावतीमागे नातीने गाडीचं चित्र काढलं होतं, तीही लावली.

मग कंपनीचा इंजिनियर येऊन सांगाडा तपासून गेला. सांगाडा शाबूत, फक्त मागचं फायबरचं अंग फुटलेलं. दुरुस्ती मंजूर झाली. किंमत लावताना जावयांच्या चार वर्षांच्या मेहनतीचे मात्र शून्य धरले. ते मला अजून पटलेलं नाही.

असो. फाईल परत आली, पण चित्राची पावती तिच्यात नव्हती. आणि झेरॉक्स काढायचं मीच विसरले होते.